सात झकू, नाल

भागाकार हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून तापतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. नातवंडांना शाळेत भागाकार सुरू झाला की ती आधी माझ्या तोंडाकडे बघतात. त्यांना वाटतं, आजीला गणित येत नाही म्हणून ती चिडते. येत नसतं तर कशाला चिडले असते? ज्याला पोहता येत नाही त्याला नदीची भीती वाटते, राग येत नाही. मला गणित येत होतं आणि तेच नडलं. त्याचीच ही हकिकत आहे आणि ती मी शांतपणे सांगणार नाही. ज्यांना शांतपणे ऐकायची असेल त्यांनी दुसऱ्या कुणाच्या आजीकडे जावं.

आमचं घर नाशकात, तांबट आळीत. पुढच्या पडवीत वडील आणि थोरले काका तांब्याची भांडी घडवत. दिवस उजाडला की पत्र्यावर हातोडे सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. सगळ्या आळीत तेच. त्यामुळे आमच्याकडे हळू बोलणं कुणाला येतच नसे. बाहेरून आलेल्या माणसाला वाटे, घरात भांडण चाललंय. आम्ही नुसतं जेवायला वाढा म्हणत असायचो.

इंग्रजांचं राज्य होतं. गावात खादीच्या टोप्या दिसायला लागल्या होत्या, पण आमच्या घरात सत्ता थोरल्या काकांची होती आणि तिच्याविरुद्ध सत्याग्रह करायची कुणाची छाती नव्हती. मुलींची शाळा होती गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथवर मला रोज पोचवायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून मला भावाबरोबर जवळच्या मुलांच्या शाळेत घातलं. ही शाळा एका धर्मशाळेच्या ओसरीवर भरायची. वर्गात आम्ही तिघीच मुली होतो आणि आम्हाला भिंतीला लागून वेगळं तरट टाकलेलं असे. माझा भाऊ माझ्यापेक्षा वर्षानं मोठा, तरी आम्ही दोघं तिसरीतच होतो, कारण तो आदल्या साली नापास झाला होता. तो नापास झाला म्हणून त्याला कुणी शाळेतून काढलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमचे जुने गुरुजी गणित शिकवत म्हणजे पाढे म्हणून घेत. सकाळी आल्यावर पाढे, दुपारी सुटताना पाढे. वीसपर्यंतचे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीनचा पाढा कुणाला कशासाठी लागतो हे गुरुजींनाही माहीत नसावं. सगळा वर्ग एका सुरात ओरडे, गुरुजी डोळे मिटून बसत, आणि सूर चुकला की डोळे उघडून छडी मारत. आकडा चुकला तर पत्ता लागत नसे, पण सूर चुकला तर लागे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडे आम्ही नव्हतो, हेही सांगून ठेवते. आम्हाला पालथं घालून ठेवलं होतं.

मग भागाकार आला. गुरुजींनी फळ्यावर एक उदाहरण करून दाखवलं. इतक्या वेळा भाग गेला, इतकी बाकी उरली. मी उभी राहून विचारलं, "गुरुजी, त्या बाकीचं काय करायचं?"

"काही करायचं नसतं. उजवीकडे लिहायची आणि गप्प बसायचं."

"पण मग ती उरते कशाला?"

हात पुढे कर, म्हणाले. आधी उजवा, मग डावा. मारलेल्या छड्या मी विसरले असते. 'काही करायचं नसतं' हे मात्र विसरले नाही. मोठं माणूस इतकं धडधडीत खोटं बोलतं, आणि तेही फळ्यासमोर उभं राहून, याचा मला जेवतानासुद्धा राग येत राहिला.

खोटं आहे हे मला कसं कळलं ते सांगते. संध्याकाळी आळीच्या टोकाशी मोकळ्या जागेत मुलं विटीदांडू खेळत. मुलींनी खेळायचं नाही, हे सांगावंसुद्धा लागत नसे. पण तिथे रोज मारामारी व्हायची. विटी लांब गेली की ती पडली तिथपासून गल्लीपर्यंत, म्हणजे जमिनीत उकरलेल्या खाचेपर्यंत, दांडूनं मोजत यायचं असतं, आणि मोजणारा आपल्या बाजूचा असला की दांडू आखडता टाकी, दुसऱ्या बाजूचा असला की लांबवी. रोज कुणाचं तरी डोकं फुटे. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की मोजायला तिसरंच माणूस हवं, जे कधीच खेळणार नाही. असं माणूस म्हणजे मी. मला खेळायला बंदी होती म्हणून मोजायला बोलावलं. आहे की नाही न्याय?

मोजणं विटीदांडूचं होतं, शाळेचं नव्हतं. ते एक, दोन, तीन असं नसतं. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू. सात झाले की एक झकू पुरा, आणि पुन्हा वकटपासून सुरू. आणि मोजणी जिथे थांबेल त्यावर पुढचा टोला ठरतो. प्रत्येक आळीचे कायदे वेगळे, पण आमच्याकडे वकट आला तर पायाच्या पंजावर विटी ठेवून उडवायची, मूंड आला तर मुठीवरून, वेद आला तर मान मागे टाकून डोळ्यावर विटी ठेवायची. वेद कुणालाच नको असे. म्हणजे किती झकू झाले त्याला महत्त्व होतंच, पण सगळ्यांचे डोळे असत ते शेवटी उरलेल्यावर. पुढचा सगळा डाव त्याच्यावर. आणि गुरुजी म्हणत होते, बाकीचं काही करायचं नसतं! मला हे तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. पण दांडू टाकत चालताना माझ्या हाताला ते कळत होतं.

दिवाळीनंतर जुने गुरुजी गेले आणि नवे आले. सिन्नरकडच्या खेड्यातले, वयानं तरुण, अंगात जाड सदरा आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पहिल्या दिवशी आम्ही सवयीप्रमाणे सातचा पाढा सुरू केला. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बास! बास करा! हे काय भजन हाय?"

 त्यांनी पुढच्या एका मुलाला उभं केलं. "सात आठे?"

"छप्पन्न!"

"आठ साते?"

मुलगा घुटमळला. मग त्यानं आठाचा पाढा पहिल्यापासून पुटपुटायला सुरुवात केली. गुरुजींनी कपाळाला हात लावला. मग ते थेट आमच्या तरटाशी आले. याआधी आमच्या तरटाकडे कुणी गुरुजी आले नव्हते.

"पोरींनो, घरी ठिपक्यांची रांगोळी काढता का नाय?"

आम्ही माना हलवल्या. त्यांनी खडू दिला आणि ओसरीच्या फरशीवर सात ओळी काढायला लावल्या, ओळीत आठ ठिपके. मग सगळ्या वर्गाला भोवती उभं केलं. "इकडून बघा. किती ओळी? सात. आता ह्या बाजूला या. आता किती? आठ. ठिपके कमी झाले का जास्ती? मग सात आठे न् आठ साते येगळं कसं व्हईल?" मुलं पुन्हा पुन्हा या बाजूनं त्या बाजूला जाऊन बघत होती. मी तिथेच उभी होते आणि मला आनंद व्हायच्या आधी संताप आला. रोज उंबऱ्यासमोर मी हेच ठिपके काढत होते. दोन वर्षं माझ्याकडून दोन-दोन पाढे घोकून घेतले, आणि निम्मं काम फुकट होतं हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही?

त्यानंतर शाळेत काय काय आलं विचारू नका. चिंचोके आले, सागरगोटे आले. पावकी, निमकी शिकवायला गुरुजींनी एक दिवस डब्यातली स्वतःची भाकरी मोडली. चौथा हिस्सा कुणाला, निम्मी कुणाला असं करत ती सगळी वाटून टाकली आणि दिवसभर उपाशी राहिले. हेडमास्तर ओसरीच्या टोकाशी उभे राहून बघत आणि नाक मुरडून निघून जात. चिडायला मात्र गुरुजी तयारच असत. पण ते चिडत न कळता मान डोलावणाऱ्यावर. कळलं नाही म्हणणाऱ्यावर कधीच चिडले नाहीत. अशी चीड मला पहिल्यांदाच भेटत होती आणि मला ती फार आवडली.

भागाकाराच्या दिवशी ते म्हणाले, "उद्या इटी न् दांडू घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे धर्मशाळेच्या मागच्या आवारात. अत्तरवाल्याचा मुलगा आमच्या वर्गातला सगळ्यात तगडा टोलेबाज, त्यानं विटी मारली. आता मोजायचं कुणी, म्हटल्यावर मुलांनी एकमुखानं माझ्याकडे बोट दाखवलं. गुरुजींनी दांडू माझ्या हातात दिला. मी मोजत आले आणि ओरडले, "चार झकू, मूंड!"

"म्हंजे दांडू किती झाले?"

वर्ग बोटं मोजायला लागला. मी म्हटलं, "एकतीस."

"कशावरून?"

"चार साते अठ्ठावीस. वर मूंड."

गुरुजींनी आवारातच जमिनीवर काटकीनं लिहिलं. एकतीस भागिले सात. भागाकार चार, बाकी तीन. "हे बघा रे गाढवांनो. तुम्ही रोज संध्याकाळी भागाकार करताय न् सकाळी इथं येऊन रडताय. बाकी म्हंजे काय? पुढचा टोला कसा मारायचा ते सांगनारी!" मग ते माझ्याकडे वळले. "तू किती शिकनार?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चौथी."

"चौथीनं काय व्हतंय? सातवी हो. मास्तरीन हो. माझी जागा घे."

ते हसत हसत म्हणाले असतील. मी हसण्यावारी नेलं नाही. त्या दिवसापासून मला दुसरं काही नकोच होतं. मला मास्तरीण व्हायचं होतं, आणि जो मुलगा विचारील बाकीचं काय करायचं, त्याला आवारात न्यायचं होतं. त्यासाठी आधी तिसरी पास होणं भाग होतं, आणि तिसरी पास करणं होतं इन्स्पेक्टरसाहेबांच्या हातात.

साहेब यायचे म्हणून ओसरी झाडून काढली, टोप्या धुतल्या, आम्हा तिघींना नव्या रिबिनी मिळाल्या. साहेब म्हणजे गोरा नव्हे, आपल्यातलाच माणूस. लांब कोट, डोक्याला फेटा आणि चेहऱ्यावर असं की आत्ताच काहीतरी कुजकं हुंगलंय. हेडमास्तर त्यांच्यामागे अर्धे वाकून चालत होते. वाचन झालं, कविता झाल्या. मग साहेब म्हणाले, तोंडी हिशेब. आणि नेमकं माझ्या भावाला उभं केलं.

"त्रेपन्न रोपं आहेत. एका ओळीत सात लावायची. किती ओळी पुऱ्या होतील आणि किती रोपं उरतील?"

भाऊ छताकडे बघून म्हणाला, "त्रेपन्न ओळी, साहेब."

साहेबांनी त्याला बसवलं आणि भिंतीकडे बघितलं. "तू. मधली. तू सांग."

माझं तोवर करून झालं होतं. मनात दांडू टाकत आले होते. आणि आळीतला आवाज तो, हळू निघतोय होय? तो सगळ्या धर्मशाळेत घुमला. "सात झकू, नाल!" आणि लगेच, श्वाससुद्धा न घेता, "सात ओळी पुऱ्या, चार रोपं उरली."

मुलं खो खो हसली. साहेबांनी हात वर केला तशी गप्प झाली.

"आधी काय म्हणालीस?"

मी खोटं कशाला बोलू? पुन्हा सांगितलं. सात झकू, नाल. विटीदांडूत असं मोजतात, मी म्हणाले.

"तू विटीदांडू खेळतेस? मुलांत?"

मी तोंड उघडणार तोच अत्तरवाल्याचा मुलगा उठून उभा राहिला. "ती खेळत नाय, साहेब. ती मोजते फक्त." साहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. हेडमास्तर त्याच्यावर खेकसले, खाली बस.

माझा भाऊ माझ्यासमोर बसला होता. रोज मला मोजायला बोलवायला येणारा तोच. तो मूग गिळून बसला.

साहेब गुरुजींकडे वळले. "हे शिकवता तुम्ही? सरकार पगार देतं तो मुलींना उनाडक्या शिकवायला?"

गुरुजींचे कान लाल झालेले मला दिसले. पण आवाज त्यांनी चढू दिला नाही. म्हणाले, "साहेब, उत्तर बरोबर हाय का?"

"मी काय विचारतोय?"

"तुमी ते विचारताय. मी हे विचारतोय. पोरीचं उत्तर बरोबर हाय का नाय?"

साहेबांनी कोट झटकला आणि निघून गेले. किती वर्षं झाली, किती साहेब आले आणि वर गेले, पण त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. त्रेपन्न ओळी सांगणाऱ्याला कुणी काही बोललं नाही. सात ओळी आणि चार रोपं सांगणारीची चौकशी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पडवीतले हातोडे थांबले होते. दिवसाउजेडी आमच्या घरात हातोडे थांबले की समजायचं, कुणीतरी मेलंय किंवा कुणीतरी मरणार आहे.

"पोरांत विटीदांडू खेळतेस?" थोरल्या काकांनी विचारलं.

"खेळत नाही. मोजते."

"उलट बोलू नकोस!"

"उलट कुठं बोलते? दादाला विचारा की."

काकांनी भावाला पुढे बोलावलं. खेळते का ही? तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. एवढंच म्हणाला, "तिथं असते." तिथं असते! मी आईकडे बघितलं, तिनं पदर सारखा केला. वडिलांकडे बघितलं, ते हातातल्या घागरीच्या तोंडावरून बोट फिरवत होते, जणू तिथेच काहीतरी बिघडलं होतं. माझे वडील स्वभावानं गरीब होते, असं सगळे म्हणत. मी म्हणते, गरीब स्वभाव ज्याला परवडतो त्यानं ठेवावा. त्यांचा गरीब स्वभाव त्या दिवशी माझ्या जिवावर चालला होता.

"भरल्या शाळेत सख्ख्या भावाला खाली बघायला लावलंस," काका म्हणाले. "उद्यापासून शाळा बंद."

म्हणजे खरं दुखणं हे होतं. विटीदांडू नुसतं निमित्त.

दुसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले. पडवीच्या पायरीवरच उभे राहिले, कारण काकांनी त्यांना बसा म्हटलं नाही. मी दाराआड होते. गुरुजी म्हणाले, "पोरगी हुशार हाय. लय हुशार हाय. तिचं नुकसान करू नका."

"हुशारी घरात दाखवील."

"ती खेळत नाय वो. खेळ मी आनला शाळेत. राग काढायचा तर माझ्यावर काढा."

"तुमच्यावर साहेब काढतीलच," काका म्हणाले. "आम्ही पोरांना शिकायला धाडलं होतं, गुरुजी. खेळायला आळी आहे."

 एवढा तापट माणूस, पण त्याच्याकडे या वाक्याला उत्तर नव्हतं, आणि ते मला फार लागलं. आज कुणी म्हणालं असतं तर मी दिलं असतं. म्हटलं असतं, आळीत जे कळतं ते शाळेत कळू नये म्हणून शाळा काढल्यात का? पण आज काका नाहीत आणि गुरुजीही नाहीत. जाताना त्यांनी वडिलांकडे बघून हात जोडले. वडिलांनीही जोडले. दोघांनी मिळून माझी शाळा संपवली आणि हात जोडले!

पुढे गुरुजींची बदली झाली हरसूलला, डोंगरात. साहेबांचाच तो प्रसाद. अत्तरवाल्याच्या मुलानं येऊन सांगितलं की जाताना त्यांनी शाळेतले चिंचोके पोत्यात भरून बरोबर नेले. हरसूलच्या पोरांचं भलं झालं असेल. माझं झालं नाही.

मी घरात बसले. धुणं, भांडी, धाकट्या भावाला कडेवर घेणं. थोरल्या भावाला साहेबांनी तिसरीतून वर चढवलं होतं, वाचन आणि कवितांच्या जोरावर. आता तो चौथीत. रोज संध्याकाळी पाटी घेऊन चुलीपाशी येई आणि माझ्यासमोर ठेवी. तोंडानं काही म्हणत नसे. मी भाकरी थापता थापता उदाहरणं सांगे, तो लिही. का सांगितलीस, असं माझी मुलगी मला विचारते. त्याच्यासाठी नाही सांगितली. एवढा एकच मार्ग होता चौथीचं गणित माझ्यापर्यंत यायचा. तो पाटी घेऊन आला नसता तर ते पुस्तक मला कधी दिसलंच नसतं. त्याला मी रांगोळीच्या पिठात ठिपके काढून दाखवले, भाकरी मोडून दाखवली, भागाकार पुन्हा पहिल्यापासून झकूत शिकवला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो तोंडी हिशेब धडाधडा करायला लागला. मला माझा पहिला विद्यार्थी मिळाला तो असा, आणि शेवटचाही बराच काळ तोच होता.

त्या वर्षी साहेब पुन्हा आले. पुन्हा भावाला उभं केलं. त्यानं साहेबांचे सगळे हिशेब बरोबर सोडवले. झकूचं नाव काढलं नाही, तेवढं शहाणपण त्याला होतं. साहेबांनी पाठ थोपटली. हेडमास्तर स्वतः घरी सांगत आले. काकांनी पेढे आणवले आणि पडवीत येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायला बसले. पोरगा हुशार निघाला! आमच्या घराण्यातच आहे ते! आईनं एक पेढा माझ्या हातावर ठेवला, आणि मला म्हणाली, "घे, भावाचा आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी पेढा चुलीच्या कडेला ठेवला. धाकट्याला आईकडे दिलं. दाराआड भावाचा दांडू आणि विटी पडली होती ती उचलली आणि पडवीतून, काकांच्या समोरून, पेढे खाणाऱ्या माणसांमधून चालत बाहेर गेले.

दिवसाढवळ्या, भर आळीत. मी विटीदांडू खेळते म्हणून माझी शाळा गेली होती, आणि मी आयुष्यात एकही टोला मारला नव्हता. कसा मारतात ते मात्र रोज बघितलं होतं. दांडूच्या टोकानं जमिनीत गल्ली उकरली, विटी टेकवली, टोक दाबून उडवली आणि ती वर आल्यावर मारली. सगळा राग होता त्यात. विटी मुलांच्या डोक्यावरून, कासाराच्या दुकानावरून, पार आळीच्या टोकाच्या पिंपळापर्यंत गेली.

कुणीतरी ओरडलं. काका पडवीत उभे राहून माझं नाव घेऊन हाका मारत होते. मी मागे बघितलं नाही. विटीपाशी गेले आणि दांडू टाकत परत यायला लागले. एकेक दांडू जमिनीला नीट टेकवून, ना आखडता ना लांबवून, आळीतल्या माझ्या आवाजात. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू. वकट, लेंड. माणसं बाजूला होत गेली. हातोडे थांबले होते. अत्तरवाल्याचा मुलगा मधेच येऊन उभा राहिला आणि माझ्याबरोबर मोजायला लागला. मी गल्लीपाशी पोचले तेव्हा काका समोर होते, हातात चिमटा घेऊन. त्यांच्यामागे भाऊ होता, तोंडात पेढा.

मी भावाकडे बघून म्हटलं, "नऊ झकू, आर. सांग, किती झाले?"

त्याच्या तोंडात पेढा होता, पण उत्तर त्याला येत होतं. मीच शिकवलं होतं. तो पेढा गिळून हळूच म्हणाला, "अडुसष्ट."

"बरोबर," मी म्हटलं.

मग मार बसला. पाठीवर, दंडावर, जिथे लागेल तिथे. मी रडले नाही असं मी सांगणार नाही, खूप रडले. शाळा काही परत मिळाली नाही. पण उत्तर बरोबर आहे का, असं गुरुजींनी विचारलं होतं, आणि त्या सगळ्या वर्षात कुणी बरोबर म्हटलं ते एवढंच. म्हणणारी मी होते.

पिंपळ अजून आहे. ज्याला वाटत असेल की म्हातारी वाढवून सांगते, त्यानं दांडू घेऊन यावं आणि मोजून बघावं.